सरकीचं पोतं न टांगलेली आखाजी

मला नवं रूप देण्यात नवलभाऊंचा फायदा तिहेरी होता. पेपरात फोटो येणार होता. दारावरच्या दगडात आजोबांच्या नावाखाली स्वतःचं नाव कोरलं जाणार होतं. आणि तळमजल्यावरचा भाडेकरू, गादीवाला फारुखचाचा, चार महिन्यांसाठी का होईना, बाहेर पडणार होता. वाईट माणूस नाहीत हो नवलभाऊ. फक्त ज्या बाजूने फोटो निघतो, तेवढीच बाजू त्यांना दिसते.

मित्रांनो, मी धुळ्याच्या भर बाजारातली दुमजली इमारत. नवलभाऊंचे आजोबा झुलालशेठ यांनी मला बांधलं. सातपुड्याचा साग आणला, काळा दगड घडवला. खाली कापूस तोलला जायचा, वर चोपड्याकडचे व्यापारी मुक्कामाला असायचे. पुढच्या पडवीच्या तुळईत शेठनी दोन लोखंडी कड्या ठोकून घेतल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींनी झोका कुठे बांधावा? पुढे शेठच्या लेकी थकल्या आणि गल्लीतल्या साऱ्या लेकी माझ्याच झोक्यावर बसू लागल्या.

कापसाचा व्यापार शहराबाहेर गेला. माझ्या नशिबी कबुतरं आली, पोस्टरं आली, पानाच्या पिचकाऱ्या आल्या. कौतुक करणारे रस्त्यापलीकडून करायचे, आत कोणी यायचं नाही. राहिला तो फारुखचाचा. दरवर्षी आखाजीच्या आधी तो कड्यांना सरकीची दोन भरलेली पोती सकाळी टांगायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. तुळई कुरकुरली की सुताराला बोलावणं जायचं.

"एवढी काळजी इमारतीची?" कोणी चिडवलं की तो म्हणायचा, "इमारतीची कसली? खाली मी बसतो. डोकं माझं आहे!"

मग डागडुजी ठरली. चाचाने सामान हातगाडीवर लादून समोरच्या फुटपाथवर मांडलं. "चार महिन्यांत परत, चाचा. जबान दिली," नवलभाऊ म्हणाले. चार महिन्यांचं वर्ष झालं. मधली एक आखाजी माझ्या बंद दाराबाहेरूनच गेली. पोतं टांगलं गेलं नाही, आणि वाळवीला कोणी विचारलं नाही.

कामावर संघमित्रा नावाची आर्किटेक्ट होती. तिचा एकच हट्ट होता. "आधी तुळई उघडून बघू या. रंग नंतर."

"मॅडम, तुळई फोटोत येत नाही," नवलभाऊ म्हणाले.

"मग माझं नावही येऊ देऊ नका," असं म्हणून तिने काम सोडलं. तुळईखाली प्लायचं गुळगुळीत छत ठोकलं गेलं. त्यातून कड्या तेवढ्या बाहेर ठेवल्या, घासूनपुसून. समोरून मी नवरीसारखी दिसत होते. आत मात्र मी भुसा झाले होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

उद्घाटन आखाजीलाच ठेवलं. झेंडूच्या माळांचा झोका बांधला. पहिली बसणार होती दिपमाला, नुकतीच सासरहून आलेली. तिची आजी भिकुबाई पुढे झाली.

"नवल, रंग बठ्ठा चांगला शे. पन पहिले पोतं टांग ना भाऊ! पोरीस्ना जीव शे."

"अक्का, पाहुणे आलेत. नव्या रंगाखाली सरकीचं पोतं कसं दिसेल?"

कॅमेरे तयार होते. दिपमालाने दोरीला हात घातला. तेवढ्यात फुटपाथवरून चाचा लगबगीने आला.

"थांब बेटी! सरकीचं नाही तर फारुखचं पोतं टांगू. वजन तेवढंच आहे!"

सगळे हसले. नवलभाऊही हसले. "बसा चाचा, तुमचाही फोटो येऊ द्या."

चाचाने मान वर करून कड्यांकडे पाहिलं. तो बसला. मी धरलं, मित्रांनो. होतं नव्हतं तेवढ्या सागाने मी धरलं. चाचाने एक झोका घेतला, आणि दुसऱ्याला मी तुटले. तुळई त्याच्या मांडीवर पडली.

चाचा वाचला. पण मांडी आता वळत नाही, आणि मांडी घालून बसल्याशिवाय गादीला टाका घालता येत नाही. त्याची हातगाडी समोर बेवारस उभी आहे. तिच्यावर सध्या कोणीतरी कलिंगडं विकतं.

माझ्या दारावर 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागली आहे. उद्या मला पाडायला मशीन येणार. भिकुबाई येऊन खांबाला हात लावून गेली.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी कोणी उभी असेल, तर तिला रंग लावायच्या आधी विचारा, बाई गं, तुला पेलवतंय का? आणि तिच्याखाली जो रोज बसतो त्याला उठवू नका. स्वतःच्या डोक्यासाठी का होईना, तोच वर बघत असतो.

आता हिशेब मिटवते. नवलभाऊंचा फोटो हुकला, पण भाडेकरू नसलेली मोकळी जागा भर बाजारात मिळाली. पाहुण्यांना हार मिळाला. दिपमाला धडधाकट सासरी गेली, हे एक बरं झालं.

या सगळ्याचं मोल फारुखचाचाच्या मांडीने मोजलं.