भुऱ्या नापास

एकोणीसशे एकोणसाठ साली भिलाईत मी एका कुत्र्याला नापास केलं. त्याआधी मी फक्त माणसं नापास करत असे. म्हणजे करत डॉक्टर. मी कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीच्या खोलीत फॉर्म भरणारा कारकून. पण 'अनफिट'चा शिक्का माझ्या टेबलावर असायचा, त्यामुळे कॅम्पातले मजूर डॉक्टरला नमस्कार करत आणि मला भीत. त्यात मी नागपूरचा बी.एस्सी., प्राणिशास्त्र घेऊन, तिसऱ्या वर्गात पास. एवढं ज्ञान आमच्या ओळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

शेजारचे शेषराव रेल्वेत गार्ड होते. त्यांची कुत्री रुबी माजावर आली आणि तिच्यासाठी दोन नर सांगून आले. एक ठेकेदाराचा टायगर. केसाळ, रुबाबदार, मालकासारखाच कामाशिवाय भुंकणारा. दुसरा लहानूचा भुऱ्या. लहानू गोंदियाकडचा. आधी पायलिंगच्या गँगमध्ये, जमिनीत खांब ठोकायला होता, आता कारखान्यातल्या रुळांवर खडी भरायचा. रिवाज असा, की नराच्या मालकाला एक पिल्लू मिळायचं.

"मले एकच पिल्लू पायजे, साहेब," लहानू माझ्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाला. "पण याचंच. दुसरे कुत्रे भटकतेत. हा दिवसभर रुळावर माह्या संगं उभा राह्यते. आता म्हातारा होऊन राहिला. रुबी बी एका जागी बसणारी हाये. पिल्लू तसंच निंघन."

शेषराव म्हणाले, "मले त हाच पसंत हाये. पण ठेकेदार मागं लागला ना! तुमी शिकलेले मानूस. पास करा अन् मोकळे व्हा."

मोकळं होण्याची मला सवय नव्हती. ऑफिसातून एक कोरा फॉर्म आणला होताच, तो मांडीवर घेतला. नाव : भुऱ्या. बापाचं नाव : माहीत नाही. दात बरे, पंजे उत्तम, छाती रुंद, डोळे स्वच्छ.

"आता लघवी तपासता का?" शेषरावांनी विचारलं.

मी हसलो नाही. उठून भुऱ्याच्या मागे गेलो आणि टाळी वाजवली. रुबी दचकली, कोपऱ्यातली कोंबडी उडाली, भुऱ्याचा कान हलला नाही. मी ताटली आपटली. भुऱ्या लहानूकडे बघत राहिला आणि लहानू माझ्याकडे.

मी लहानूसमोर येऊन म्हणालो, "हा बहिरा आहे. केव्हापासून?"

लहानूनं उत्तर द्यायला वेळ घेतला. त्या वेळात तो काय तोलत होता, ते मला तेव्हा कळलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

"जन्मापासूनच असन, साहेब," तो म्हणाला.

जन्मजात दोष पिल्लांत उतरू शकतो, हे मी दोघांना समजावून सांगितलं. चांगलं दहा मिनिटं सांगितलं. लहानूनं मान डोलावली, भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला घेऊन गेला. शेषराव म्हणाले, "लय कडक हात तुमचा, बाप्पा!" मला ती स्तुती वाटली.

टायगरची चार पिल्लं झाली. एक ठेकेदाराला, दोन साहेबलोकांना आणि एक परीक्षक म्हणून मला.

चार महिन्यांनी फॉर्मांवर अंगठे घ्यायला मी रुळांवर गेलो. गँग खडी भरत होती. लहानू दर दोन फावड्यांनंतर ताठ होऊन दुर्गच्या बाजूला बघत होता. त्याला पाठ लावून भुऱ्या उभा होता आणि तो उलट्या बाजूला बघत होता. मागून इंजिन मुकाट आलं. भुऱ्यानं लहानूच्या पोटरीला डोकं मारलं आणि दोघं रुळाबाहेर झाले. शिट्टी त्यानंतर झाली. वळून दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

"हा कुत्राही पायलिंगवर होता का?" मी मुकादमाला विचारलं.

"दोन वर्सं. त्या हातोड्याजवळून हालत नव्हता. दोघं संगंच जेवत."

कानठळ्या बसून आलेलं बहिरेपण पिल्लांत उतरत नाही. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं. पण लहानूनं पायलिंगचं नाव काढलं असतं, तर पुढची टाळी मी त्याच्या मागे जाऊन वाजवली असती.

दुसऱ्या दिवशी माझं पिल्लू पिशवीत घालून मी लहानूकडे गेलो. दारात उभा राहिलो, तोंड त्याला नीट दिसेल असं.

"हे ठेव तुझ्याकडे. रुळावर उपयोगी पडेल."

त्यानं पिल्लाला उचललं, त्याच्या कानामागे चुटकी वाजवली. पिल्लू गर्रकन वळलं. लहानूचा चेहरा क्षणभर असा काही उजळला, की मला वाटलं, सुटलो. मग त्यानं माझ्या खिशातल्या ऑफिसच्या पेनाकडे पाहिलं.

"कावून, साहेब? कोनी काई सांगतलं का?"

"नाही. असंच."

"मग नाई पायजे," पिल्लू परत माझ्या हातात देत तो म्हणाला. "मले चांगलं आयकू येते."

मी कुणाला काही सांगणार नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याला ते समजलं, एवढंच. विश्वास ठेवावा असं माझ्याकडून काही झालेलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात भुऱ्या मेला आणि त्याच आठवड्यात लहानू नोकरी सोडून गावी गेला. राजीनाम्यावर कारण होतं, घरगुती.

पिल्लू आमच्याकडे अकरा वर्षं जगलं. त्याचे कान फार तिखट निघाले. दूधवाला दोन गल्ल्या पलीकडे असला, की ते उठून दारात जाऊन बसायचं. आमच्या घरात त्याला ऐकण्यासारखं याहून जास्त काही नव्हतं.