बोटभर फट

मित्रांनो, पडद्याला मन नसतं असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. असू दे. मी एक जुना, निळा, सुती पडदा आहे, आणि माणसांकडे बघून मला हल्ली जे वाटतं त्याला तुमच्या भाषेत किळस म्हणतात. ती का वाटते, ते ऐका.

माझा जन्म आत्याच्या शिलाई मशीनवर झाला. आत्याचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या घरात माणसं तीन आणि खोल्या दोन. त्याची लेक पाचवीत गेली तेव्हा आत्या म्हणाली, "पोरगी मोठी होतेय. तिला स्वतःचा कोपरा नको का?" भिंत घालायला जागा नव्हती. मग आत्याने जाड कापड आणलं, आतून अस्तर लावलं, वर पितळी कड्या ओवल्या आणि बाहेरच्या खोलीत आडवा गज ठोकून मला टांगलं. माझ्यामागे एक खिडकी, एक खाट आणि एक टेबल. तो खारूचा कोपरा. आत्या तिला लाडाने खारूताई म्हणायची, घरात त्याचं खारू झालं.

मला कडी नाही, कुलूप नाही. एका बोटाने मी बाजूला सरतो. माझी सगळी ताकद बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या शरमेवर. सुरुवातीला ती शरम त्या घरात होती, म्हणून मीही भिंतीच्या तोऱ्यात होतो.

खारू बोलताना अडखळायची. स्पीच थेरपीच्या बाईंनी तिला रोज मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. लोकांसमोर नाही, एकटीने. शाळेतून आली की ती माझ्याकडे तोंड करून बसायची आणि वाचायची. शब्द अडला की अडला. मला कुठे जायचं नव्हतं.

खारूची आई कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. दुकान बंद पडलं, तेव्हा तिने मोबाइलवर स्वतःचं पान काढलं. शाईचा डाग कसा काढावा, तेलाचा कसा काढावा, असे व्हिडिओ ती टाकायची. लोक बघायचे. मग लोक डागांना कंटाळले. पण ज्या दिवशी मागे नवरा घोरताना दिसला, त्या दिवशी बघणारे दुप्पट झाले. फोनने तिला हे आकड्यांनिशी दाखवलं. ती शिकली. शिकणं कसलं, माणसाळवलेलं माकड शिकतं तसं! मग डाग गेले आणि घर आलं. जेवणं आली, भांडणं आली.

"अगं, माझं बिनकवळीचं तोंड जगाला दाखवलंस?" आत्या एकदा कळवळून म्हणाली.

"जाऊ दे गं ताई," खारूचा बाबा हसला. "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?"

हा माणूस आंघोळीला जाताना आतून कडी लावतो. फोनवर पगाराची गोष्ट निघाली की आवाज खाली आणतो. आणि म्हणे लपवण्यासारखं काय आहे! मग मला काय शोभेला टांगलं होतं?

एका दुपारी खारू वाचत होती. 'क' वर अडकली होती. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मूठ मांडीवर आपटत होती. तेवढ्यात मी बोटभर सरकलो. त्या फटीतून फोनचा डोळा आत आला. पलीकडे आई होती. तिचे डोळे भरून आले होते, हे मी नाकारत नाही. पण फोन धरलेला हात जराही हलला नाही.

'माझ्या वाघिणीची झुंज' असं नाव देऊन तिने ते टाकलं.

लाखोंनी पाहिलं. लाल बदाम पाठवले, रडू आलं असं लिहिलं, आणि अंगठ्याने वर सारून पुढचं मांजर बघितलं. मग कुणा रिकामटेकड्याने खारूचा तो अडकलेला 'क' उचलला, त्याला ढोलकी लावली आणि गाणं केलं. त्यावर लोक नाचले. नवरा-बायको नाचले, दात पडलेले आजोबा नाचले. शाळेत पाण्याच्या नळाशी पोरं तेच गात उभी राहिली. खारू घरी आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यामागे येऊन बसली. त्या दिवशी तिने वाचलं नाही. नंतरही नाही. हळूहळू बोलणंच थांबलं. मान हलवून हो, मान हलवून नाही.

फोनला मात्र वाचा फुटली. आईला तोतरेपणावरच्या काढ्याच्या जाहिराती येऊ लागल्या, बाबाला आत्मविश्वासाच्या शिकवण्यांच्या. "मी तर कुणाला काही विचारलं नव्हतं," आत्या तिचा फोन दाखवत म्हणाली, "नुसतं आपल्या खारूला बघितलं." त्या यंत्राला खारू दिसलीच नव्हती. अडखळणारी मुलगी आणि घाबरलेली आई, म्हणजे दोन गिऱ्हाइकं, एवढंच त्याला दिसलं.

शहाणे म्हणतात, यंत्र वाईट नसतं, वापरणारा वाईट असतो. या शहाण्यांनी जन्मात कधी साधं फडकं शिवलेलं नसावं! वस्तूचा स्वभाव तिच्या शिवणीत असतो. मी झाकायचं, हे आत्याने अस्तर लावतानाच ठरवलं होतं. त्याने उघडं पाडायचं, हे फोनमधलं ते यंत्र शिवणाऱ्यांनीही आधीच ठरवलं होतं.

बाबाने फोनवरून त्या गाण्याची तक्रार केली. तत्काळ उत्तर आलं की, नियमांचा भंग झालेला नाही. आईने आपला व्हिडिओ पुसला. ढोलकी चालूच राहिली.

मग थेरपीच्या बाई घरी आल्या. आई म्हणाली, "मी कौतुकानेच टाकलं हो."

"कौतुक तिला सांगायचं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला सोडून सगळ्यांना सांगितलंत."

आई त्यावर खूप रडली. आणि दुसऱ्या दिवशी तिने काय केलं असेल? माझा निळा रंग मागे छान दिसतो म्हणून तिने माझ्यासमोरच स्टूल मांडलं, त्यावर फोन उभा केला, केस सारखे केले आणि म्हणाली, "नमस्कार. आज मी माझ्या लेकीची माफी मागणार आहे..."

मी सर्रकन बाजूला झालो. खारू बाहेर आली.

"बं... बं..."

"बंद?" स्टुलापलीकडे उभा असलेला बाबा पटकन शब्द पुरवायला गेला. खारूने हात वर करून त्याला थांबवलं. तिच्या गळ्याच्या शिरा पुन्हा ताणल्या. सगळे थांबून राहिले.

"बं... बंद कर. माफी म... म... मला माग."

आईने फोन बंद केला. ती लेकीसमोर खाली बसली, तोंड उघडलं, पण शब्द येईना. हजारोंसमोर घडाघडा बोलणारी बाई एका मुलीसमोर अडखळली. खारू उभी राहिली, आईचं बोलून होईपर्यंत.

ते पान आता नाही. ते गाणं मात्र अजून आहे, कुठे ना कुठे कुणीतरी मूर्ख त्यावर नाचत असेल. माझा रंग विटला आहे, खालची शिवण उसवली आहे. कोणी हौसेने धुवत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, मला इस्त्री करू नका, माझ्यावर निबंध लिहू नका. मागे कुणी असेल तर आधी विचारा, आणि नको म्हटलं तर माघारी फिरा. इतकंही जमणार नसेल तर मला उतरवा आणि फरशी पुसायला घ्या. निदान ते काम प्रामाणिक आहे.

खारू आता आठवीत आहे. ती पुन्हा वाचते, पण दबक्या आवाजात. परवा आई वाळलेल्या कपड्यांची घडी घेऊन माझ्याबाहेर उभी राहिली. "खारू, आत येऊ?"

"नको," खारू म्हणाली. आई कपडे खुर्चीवर ठेवून परत गेली.

बाकीचे शब्द अजून अडतात. हा अडत नाही.