पाच सेंटिमीटरचा सूड

मित्रांनो, मी बाभळीची एक जुनी मापकाठी आहे. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात बंकटच्या घरी राहते. आज माझी लांबी चाळीस सेंटिमीटर आहे. पूर्वी ती पंचेचाळीस होती.

मला बंकटच्या बायकोने, रतनबाईने घडवले. ती वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायची. झोपायच्या बाजेची लांबी एकशे ऐंशी, रुंदी एकशे पस्तीस. तिने रुंदीएवढी दोरी लांबीवर ठेवली. पंचेचाळीस उरले. ते पंचेचाळीस रुंदीवर ठेवून पाहिले, तर बरोबर तीनदा बसले, बाकी काही राहिले नाही. तेवढीच तिने मला कापली. दोन्ही बाजू पुरत्या मोजणारे सर्वांत मोठे माप. तुमच्या पुस्तकात त्याला मसावि म्हणतात. माझ्या मापाचे चौकोन जोडले की बाजेवर चार बाय तीन बसत.

बंकटचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर. त्याची नवी खोलीही तिने अशीच मोजली. लांबीला मी आठदा, रुंदीला सातदा.

"भावजी, या मापाची चौकोनी फरशी आणा. एक बी तोडावी लागायची न्हाई."

मग रतनबाई वारली आणि मी कोपऱ्यात पडले. एकदा उत्तरेश्वरची कुदळ दांड्यात हलू लागली. त्याने न विचारता माझे टोक कापले, पाचर करून ठोकली आणि विसरला. त्याच्या लेखी काठी ती काठी.

बंकटला बायकोच्या लुगड्यांची वाकळ पांघरायची होती. शिवणीपुरते सोडून त्याने माझ्यावरून बारा चौकोन कापले आणि शेजारच्या केसरबाईकडून जोडून घेतले. बाजेवर टाकली तर वाकळ दोन्हीकडून कमी. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या कशाच्याच कामाच्या नव्हत्या. त्याने माझे कापलेले टोक पाहिले. भावाच्या कुदळीतली पाचर पाहिली.

पुढच्या आठवड्यात उत्तरेश्वर आला. "दादा, वहिनीची काठी दे. आठ अन् सात, छप्पन फरश्या कापून आणतो."

"ने की."

"टेप बी नेऊ का?"

"का रं? वहिनीच्या मापावर भरवसा न्हाई का?"

दुकानदार मला ठेवून फरशी कापत होता आणि एकेका फरशीला मला गोड वाटत होते.

खोलीत फरशी बसली. दोन भिंतींकडे जवळजवळ हातभर माती उघडी राहिली. गवंडी म्हणाला, "मालक, खोली वाढली का काय?"

उत्तरेश्वर तणतणत आला. "दादा, काठी खोटी हाय!"

"खरी व्हती. तुज्या कुदळीला इचार."

त्याचे तोंड उतरले. "मंग सांगायचं न्हाई का?"

"कापताना तू इचारलंस का?"

बंकट त्या दिवशी पोटभर हसला. पण उत्तरेश्वरने चार दिवसांत आणखी फरशी आणून कडा भरल्या. रतनबाईची लुगडी मात्र कुठून आणायची? बंकट वाकळ पायांवर ओढतो, तर छाती उघडी पडते.

मित्रांनो, लोक म्हणतात राग सोडावा. मी सोडलेला नाही. तुम्ही एवढेच करा, कोणाच्या मापाला हात लावण्याआधी विचारा. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही फक्त कमी भरतो.