पावाची टोपली

ड्रायव्हरसाहेबांनी लाल भोपळा टेबलाच्या मधोमध ठेवला, मागे सरून एक डोळा मिटला आणि भोपळा बोटभर डावीकडे सरकवला.

"आता त्याला स्वस्थ बसू द्या," बायको ओट्यापाशी कणकेचे पेड गुंफत म्हणाली. "बस लावायची नाहीये तिथे."

आयुष्यभर बस चालवली, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. यंदा निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नाही. आज मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीने स्वतःच ठरवलेल्या मुलाचे आईवडील सुगीच्या जेवणाला पहिल्यांदाच घरी येत होते.

दरवर्षी या सणाला टेबलावर आरास असे: भोपळा, दोन्ही बाजूंना कणसं आणि पुढे बायकोने भाजलेली, वेणीसारख्या विणीची पावाची टोपली. टोपलीत सफरचंदं, द्राक्षं, अक्रोड. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला त्यांनी टोपलीकडे हात नेला, तेव्हा बायको "हात नका लावू" म्हणाली होती. तेव्हापासून आरासीची राखण त्यांच्याकडे. लेक लहान असताना तिच्यावर त्यांनी कितीदा डोळे वटारले असतील, गणती नाही.

पाहुणे आले. होणारे व्याही गवंडी होते. रुंद तळव्यांचे, मोजकं बोलणारे. विहीणबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. हवेवर बोलून झालं, रस्त्यांवर बोलून झालं. मग सूप वाफाळत राहिलं आणि चमचेच तेवढे बोलू लागले. लेक आणि तिचा होणारा नवरा आपापल्या ताटात बघत बसले.

व्याह्यांची नजर टोपलीवर खिळली होती.

"हा दांडा आधाराशिवाय उभा आहे," ते म्हणाले. "कमान बरोबर बसलीये."

कौतुकाने त्यांनी दांड्याला बोट लावलं. बोटाची चिमूट झाली. कट्, असा आवाज आला आणि दांड्याचा तुकडा त्यांच्या तोंडात गेला.

"अहो, काय हे!" विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "ती शोभेची आहे."

लेकीचा चमचा हवेतच थांबला. ड्रायव्हरसाहेब ब्रेकवर पाय दाबावा तसे खुर्चीत ताठ झाले. बायकोकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"लोणी आहे यात," व्याही चावत म्हणाले. "आणि तीळ. भाजलेले."

"ओवापण आहे थोडा," बायको म्हणाली. "लागतोय का?"

"लागतोय ना."

तिने टोपली उचलून विहीणबाईंपुढे धरली. त्यांनी संकोचत कडेचा कपचा मोडला. मग लेकीने, मग मुलाने. द्राक्षं टेबलावर घरंगळली, कुणीतरी हसलं, आणि गवंडीबुवा कमान कशी पेलते ते अक्रोड रचून दाखवू लागले.

"पण हात लावायचा नाही, असं तूच म्हणाली होतीस," ड्रायव्हरसाहेब हळूच म्हणाले.

"मी? कधी?"

"पहिल्या वर्षी."

ती आठवत राहिली. "अहो, नुकती भट्टीतून काढली होती. चटका बसला असता."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला मोडवत नसेल."

तोवर टोपलीचा नुसता तळ उरला होता. व्याह्यांनी तिकडे हात नेला.

"तळ जरा कडक असतो," बायको विहीणबाईंना सांगत होती. "पण दुसऱ्या दिवशी चहात बुडवला की मस्त लागतो. मी दरवर्षी..." ती थांबली आणि पाण्याचा जग उचलून पेले भरू लागली.

दरवर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाहेब पहाटेच्या गाडीवर असत. टोपली कुठे जाते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पाखरांना घालत असेल, अशी त्यांची समजूत होती.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "सफरचंदं घ्या, द्राक्षं घ्या. एवढा तळ तेवढा राहू द्या."

व्याह्यांनी हात मागे घेतला. ड्रायव्हरसाहेबांनी तळ मधोमध मोडला, अर्ध्या भाकरीसारखे दोन्ही तुकडे एका बशीत ठेवले आणि त्यावर वाडगा पालथा घातला.

बायको पेले भरतच होती. भरलेल्या पेल्यात तिने पुन्हा पाणी ओतलं.