खरखरीची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे. मान खाली घालूनच बोलतो. शरमेनं, शिवाय मानेचा स्क्रूही तुटलाय.

कारखान्यातून निघालो ते वारा घालायचं स्वप्न घेऊन. नशिबी आली मनाच्या डॉक्टरबाईंची बाहेरची खोली. आत पेशंट कोचावर आडवा होऊन मनात येईल ते, काही न गाळता, बोलायचा. बाई त्याच्या डोक्यामागे बसून ऐकायच्या. आठवड्यातून चार दिवस, वर्षानुवर्षं. बाहेर त्यातलं अक्षरही कळू नये म्हणून मी खरखरायचं, एवढीच माझी नोकरी. "इतका बेसूर पंखा शोधून मिळायचा नाही," बाई कौतुकानं म्हणायच्या.

एक शिंपी दोन वर्षं येत होता. आई गेल्यावर त्याला ताईनं वाढवलेलं. तिनं लग्नही केलं नाही. ती बाहेर बसून सदऱ्यांना बटणं लावायची.

"रोज एवढं काय बोलतोस रे?"

"काही नाही गं. बाई गप्प, मीही गप्प."

"मग घरी गप्प बसायला काय झालं?"

एके दिवशी शिंप्यानं खिशातून मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि माझ्यात दोन थेंब सोडले. माझा आवाज बंद झाला. खरं सांगतो, मी सुखावलो. म्हातारपणी कोण विचारतं?

तो आत गेला, आणि दारातून स्पष्ट ऐकू आलं, "ताईला स्थळ आलं होतं. त्यांची होकाराची चिठ्ठी माझ्या हाती दिलेली. मी फाडली. नऊ वर्षांचा होतो. ती गेली तर मला कोण, वाटलं."

ताईची सुई थांबली. मी जिवाच्या आकांतानं फिरलो. नुसता वारा आला.

तो बाहेर आला तशी तिनं बटणं पिशवीत कोंबली आणि पुढे चालू लागली. दुसऱ्या दिवशी शिंपी एकटाच आला. आत रडत म्हणाला, "तिनं सगळं ऐकलं. पंख्यानं घात केला."

"तेल कुणी घातलं?"

"मीच. खरखरत होता बिचारा."

"दोन वर्षं खरखरतोय."

मग तो हळूच म्हणाला, "तोंडावर सांगायची हिंमत नव्हती."

चौथ्या दिवशी ताई आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, या पंख्याची खरखर परत आणा. चिठ्ठीचं आमचं आम्ही बघू. पण त्याचं अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय, आणि ते माझ्यासाठी नाही."

बाईंनी माझ्या जाळीत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला, आणि पाती त्यावर घासून मी पुन्हा खरखरू लागलो.

मित्रांनो, तेलाचं सोडा. मला शरम वाटते ती याची, की त्या दिवशी मीही कान देऊन ऐकलं. तुमच्यावर बंद दाराबाहेर बसायची वेळ आली, तर मुद्दाम खोकत राहा, खुर्ची सरकवा, काहीही करा. पण आतल्या माणसासाठी थोडं खरखरा.