घरची गाडी

सुताराची बायको गेली ती भर दुपारी, हॉस्पिटलच्या फाटकाशी, गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर. एसी चालू होता आणि गरम हवा फेकत होता. काच खाली करावी तर धूळ, आणि तिच्या फुप्फुसांना धुळीचं वावडं. वर ठेवावी तर भट्टी. डॉक्टर म्हणाले, दिवस भरलेच होते, गाडीचा काही संबंध नाही. सुताराला ते पटलं. मरण टळलं नसतं. पण शेवटची वाट तिने उकडत काढली, आणि त्याचा जाब कोणीतरी द्यायलाच हवा होता.

तो कोणी म्हणजे मेहुणा. तिचा धाकटा भाऊ. त्याचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज होतं. सगळे त्याला बर्फ्या म्हणत, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "जा बिनधास्त, आत बर्फ पडेल." ताईची गाडी आली की तो गॅस भरायचा, चहा पाजायचा, पैशाचं नाव काढू द्यायचा नाही. थोडे दिवस गारवा, मग पहिले पाढे पंचावन्न. सुतार म्हणायचा, दुसरीकडे दाखवू. बायको म्हणायची, "सख्खा भाऊ असताना परक्याच्या दारात? त्याला काय वाटेल?" विषय तिथेच मिटायचा.

सगळं उरकल्यावर सुतार गॅरेजवर गेला. मेहुणा कुणा अनोळखी माणसाच्या गाडीत डोकं खुपसून होता. पाइपांच्या एकेका सांध्याला ब्रशने साबणाचा फेस लावत होता.

"हे काय चाललंय?"

"गळती शोधतोय, भावोजी. गॅस सुटत असेल तिथे बुडबुडा येतो. नुसता भरत बसलं तर फुटक्या मडक्यात पाणी ओतल्यासारखं होतं."

बोलून झालं आणि त्याचा ब्रश जागीच थांबला.

"आमच्या गाडीला कधी लावलास फेस?" सुताराने विचारलं.

मेहुणा फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"चल," सुतार म्हणाला. "हॉस्पिटलपर्यंत जाऊन येऊ. ताईच्या सीटवर बस."

ऊन डोक्यावर होतं. सुताराने चारही काचा वर केल्या आणि एसीचं बटण दाबलं. गरम वारा मेहुण्याच्या तोंडावर आला. पहिल्या वळणालाच त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"भावोजी, काच जरा खाली घेऊ?"

"धूळ येते."

"येऊ दे की. मला कुठे काय होतंय?"

"नाही ना होत? मग बस गप."

सिग्नलला गाडी उभी राहिली. सुताराच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्याने तो पुसला नाही.

"काय रे बर्फ्या, बर्फ कधी पडणार? गिऱ्हाईक खोळंबलंय."

 मेहुण्याने तोंडावरची हवा चुकवायला समोरच्या जाळीकडे हात नेला. तिथल्या दोन्ही जाळ्या सुताराच्या बाजूला वळवलेल्या होत्या. तरी मधल्या फटीतून झळ येतच होती.

"हात लावू नकोस. तिने वळवल्यात. कधी गार हवा आलीच तर मला लागावी म्हणून."

 फाटकाशी सुताराने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. मेहुण्याला धाप लागली होती.

"नाही शोधली गळती," तो म्हणाला. "एकदाही नाही. बाहेरच्यांच्या गाड्या रांगेत असायच्या. ही काय, घरचीच गाडी. म्हटलं, करू निवांत. ताई कुठे रागावतेय!"

"नाहीच रागावली," सुतार म्हणाला, आणि गाडी वळवली.

गॅरेजवर आल्या आल्या मेहुण्याने बॉनेट उघडलं. थोडा गॅस भरला, फेस लावला. पुढच्याच सांध्यावर बुडबुडा फुगला. झाकण उघडताच दिसेल अशी जागा. त्याने उरलेला गॅस काढून सांधा सोडवला, तर आतली रबरी रिंग चिरलेली. करंगळीत जाईल एवढीशी.

"भावोजी, नवी आहे माझ्याकडे. आत्ता बसवतो. पाच मिनिटं." त्याने नवी रिंग तळहातावर धरली. "बसवू द्या मला."

सुताराने त्याच्या तळहातावरची नवी रिंग उचलून खिशात टाकली.

"घरचीच गाडी आहे. करू निवांत."

"असं नका करू, भावोजी."

"उद्या दुपारी येतो. काचा वरच असतील. तयार राहा."

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. मेहुणा गिऱ्हाईक सोडून मुकाट्याने ताईच्या सीटवर बसतो, आणि परतल्यावर रोज रिंग मागतो. नवी रिंग सुताराच्या खिशात आहे. ती अजून बसवलेली नाही.