सगळ्यांपुढे वाकणारा खांब

माझ्या अंगावर, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, चार बोटे रुंदीचा एक खरखरीत पट्टा आहे. त्याच्या वर आणि खाली माझे प्लास्टिक अजून गुळगुळीत आहे. पट्टा नेमका तिथेच का, याचे कारण साधे आहे. बहुतेक मोटारींचा बंपर तेवढ्याच उंचीवर असतो.

मित्रांनो, मी रस्त्यावरचा एक जुना लवचीक खांब आहे. माझ्या एका बाजूला सायकलींची वाट, दुसऱ्या बाजूला बसची. एकाने दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून मला मध्ये उभे केले आहे. निदान मला तसे सांगण्यात आले होते.

माझा जन्म एका कारखान्यात, तापलेल्या नारिंगी प्लास्टिकमधून झाला. तिथे एक यंत्र मला पार जमिनीला टेकेपर्यंत वाकवी आणि सोडून देई. मी तत्काळ ताठ उभा राही. तपासणीवर असलेली बाई शेजारणीला म्हणाली, "बघ गं, कितीही वाकवा, कुरकुर नाही. आमच्या ह्यांना एकदा आणून दाखवते." दोघी हसल्या. माझी छाती फुगली. वाकणे हाच आपला मोठा गुण, असे मी त्या दिवशी मनाशी पक्के केले.

माझी निवड कशी झाली, तेही ऐका. सायकलवाल्यांना दगडी कठडा हवा होता. बसवाल्यांना आपल्या वाटेत सायकली नको होत्या. औषधाच्या दुकानाचे मालक म्हणत होते, "गिऱ्हाइकाने गाडी काय खिशात घालून आणायची?" रस्ते विभागाच्या इंजिनियर बाईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मधला मार्ग काढला. सायकलची वाट आखली, पण दुकानासमोरची 'थोडा वेळ गाडी थांबवण्यास परवानगी' ही पाटी तशीच राहू दिली. गाड्यांना आत शिरता यावे, म्हणून कठड्याऐवजी मला रोवले. माझ्याविरुद्ध एकही हरकत आली नाही. ज्याला कोणाचीच हरकत नसते, तो कोणाच्या कामाचा असेल, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. पण माझे फोटो निघत होते.

सुरुवातीला गाड्या मला बिचकत. मग एक मोटार हळूच येऊन टेकली. मी वाकलो. मालकाने उतरून बंपरवरून हात फिरवला, एकही ओरखडा नव्हता. "अरे, हा तर नुसता देखावा आहे," तो म्हणाला. ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण महिन्याभरात सगळ्या गावाला माझा स्वभाव ठाऊक झाला.

या रस्त्याने रोज गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे एक काका सायकलवरून जात. कॅरियरला हत्यारांची पेटी, हँडलला बर्नरची पिशवी. त्यांच्याच वेळेला एक बस येई. ती थांब्यावर थांबली की काका पुढे जात, सुटली की ती काकांना गाठी. बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडे, "काका, दूध पिऊन आलात वाटतं!" काका म्हणत, "तू डिझेल पिऊन ये, मग बघू!" वर्षानुवर्षे ही शर्यत चालली आणि एकालाही दुसऱ्याचा धक्का लागला नाही. रस्ता वाटून घेणे म्हणजे काय, ते मी या दोघांकडे पाहून शिकलो. माझा त्यात काही हात नव्हता.

औषधाच्या दुकानासमोर मात्र काकांना रोज सायकलची वाट सोडून बसच्या वाटेत यावे लागे, कारण तिथे एखादी मोटार माझ्या अंगावरून आत शिरून ऐसपैस उभी असे.

बसचा तो ड्रायव्हर म्हणजे इंजिनियर बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. एकदा बाई पाहणीला आल्या, तेव्हा त्याने माझ्याशेजारीच बस थांबवली.

"ताई, तुझा हा पहारेकरी बघ. येईल त्याला लोटांगण घालतो."

"गाडी काढ. मागे रांग लागली आहे."

"काढतो. पण ती पाटी कधी काढतेस? रोज इथे काका माझ्या बससमोर येतात. एक दिवस कोणीतरी चाकाखाली येईल."

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी पाटी काढली की लोक काय म्हणतील? भावासाठी रस्ता मोकळा केला. थोडं थांब. माझी बदली झाली की दुसरं कोणी काढेल."

"तोवर मी ब्रेकवर पाय ठेवून झोपतो," असे म्हणून भावाने बस काढली.

बाईंची बदली काही झाली नाही.

माझ्या चकाकत्या पट्ट्या सोलून गेल्या. नारिंगी रंग उडून मी मातकट झालो. पण वाकायचे आणि उठायचे काम चोख चालू होते. एका दुपारी एक मोटार माझ्यावर चढली आणि या खेपेस चाक माझ्या अंगावरच थांबवून मालक दुकानात गेला. मी खाली दबून पडलो होतो. त्यामुळे पुढचे मला दिसले नाही, फक्त ऐकू आले. काकांच्या सायकलची घंटी. बसच्या ब्रेकची किंकाळी. मग बसच्या आत काहीतरी धप्पकन पडले, आणि रस्त्यावर पेटी उपडी होऊन बर्नर घरंगळत गेले.

काका वाचले होते. बसमधल्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले होते.

"रस्ता काय बापाचा आहे का?" लोक काकांवर ओरडत होते.

"मग कुठून जाऊ? तुमच्या डोक्यावरून?" काका ओरडले.

"आणि ह्याला ब्रेक मारायची अक्कल नाही!" दुसरे ड्रायव्हरवर तुटून पडले.

तेवढ्यात मोटारीचा मालक खोकल्याची बाटली घेऊन आला. "काय हो, काय झालं?" त्याने आपुलकीने विचारले, मोटार मागे घेतली आणि निघून गेला. चाक उतरताच मी ताठ उभा राहिलो. त्यासाठीच तर मला शाबासकी मिळाली होती!

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत कडू गोष्ट हीच. चौकशीचे साहेब आले तेव्हा मी जागेवर उभा, सायकलची वाट रिकामी. मी तुटलो असतो, निदान वाकडा राहिलो असतो, तरी कोणी विचारले असते, की हा कोणी पाडला? साहेबांनी फोटो काढला आणि म्हणाले, "खांब सरळ आहे, वाट मोकळी आहे. मग सायकलवाला बाहेर आलाच का? आणि ड्रायव्हरचं लक्ष कुठे होतं?" मोटारीची गोष्ट काकांनी सांगितली, ड्रायव्हरनेही सांगितली. पण दोघेही आरोपीच, त्यांचे कोण ऐकणार? ड्रायव्हरला कामावरून घरी बसवले. नोकरी राहील की जाईल, ते चौकशीवर होते. काकांनी तो रस्ताच सोडला.

मला तुम्हांला एवढेच सांगायचे आहे. रस्त्यात उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला पाहिलेत, तर तो किती छान वाकतो याचे कौतुक करू नका. त्याच्या पाठीमागे कोण चालले आहे, ते आधी पाहा. थोडाच वेळ म्हणून तुम्ही जी जागा अडवता, ती कोणाची तरी संपूर्ण वाट असते.

आज सकाळी ते सगळे माझ्याभोवती जमले होते. चौकशीचे साहेब, औषधाच्या दुकानाचे मालक आणि इंजिनियर बाई.

"नवे खांब घाला," मालक म्हणाले. "जुने फार मळलेत. दुकानाची शोभा जाते."

"झकास सूचना," साहेब म्हणाले. "खर्च कमी आणि कोणाची हरकत नाही. बाई, लावून टाकू या?"

बाई पाटीकडे पाहत होत्या. खाली एक मोटार माझ्या शेजारच्या खांबावरून आत शिरली. तो वाकला, उठला. मोटारीकडे कोणी वळूनही पाहिले नाही. बाईंनी मात्र पाहिले.

"खांब नकोत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दगडी कठडा."

मालकांनी हसून साहेबांकडे पाहिले. "बाई, राग मानू नका. पण तो घरी बसवलेला ड्रायव्हर तुमचा भाऊच ना?"

साहेब घसा खाकरून फुटपाथकडे बघू लागले. क्षणभर मला वाटले, यासुद्धा वाकणार.

"हो, माझा सख्खा भाऊ आहे," त्या म्हणाल्या. रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल इतका त्यांचा आवाज मोठा होता. "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. ही पाटी मी ठेवली होती, ती मीच काढते आहे. आजपासून इथे एकही गाडी थांबणार नाही."